ओल्या पावलांचा पुतळा

पाटाला पाणी आल्याला दोन पिढ्या उलटून गेल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एकदा एका वृद्ध शिल्पकाराच्या दारी कालव्यावरच्या गावांची मंडळी आली. ज्या इंजिनिअरसाहेबानं त्या कोरड्या मुलखात कालवा आणला, त्याचा पुतळा त्यांना हवा होता.

माणूसच तसा होता म्हणा. आखणी चालली असताना लोक हसायचे, "साहेब, पाणी काय टेकाड चढणार?" तो म्हणायचा, "तुम्हाला चढ दिसतो, पाण्याला उतार दिसतो." पहिलं पाणी सुटलं तेव्हा धरणावरचे हारतुरे सोडून, वहाणा हातात घेऊन तो पाण्याच्या पुढं पुढं चालत निघाला, तो थेट शेवटच्या गावच्या शेवटच्या वावरापर्यंत. पहिली ओंजळ प्यायला ती तिथं.

शिल्पकार म्हणाला, "पुतळा माझा शिष्य घडवील. जागा मात्र मी सांगेन ती." मंडळींनी माना डोलावल्या.

शिष्याचं हे पहिलंच मोठं काम. काळ्या पाषाणातून त्यानं साहेब असा काढला, की लहानपणी त्याला पाहिलेल्या म्हाताऱ्यांचे हात आपोआप जुळले. शिष्याच्या मनात सगळं ठरलेलं. धरणाजवळचा चौक, उंच चौथरा, आणि येणारा-जाणारा विचारणार, "कुणी घडवला हो?"

गुरूनं पुतळ्याची गाडी वळवली शेवटच्या गावाकडं. पाट संपतो तिथं, बाभळीखाली, पाटाच्या तळातच पुतळा उभा करवला. चौथरा नाही, काही नाही.

वरच्या गावचा सरपंच तापला. "बाबा, तिथं कावळा तरी येतो का बघायला?"

"कावळा येतो. तुम्ही येत नाही, म्हणून तर."

शिष्य रडवेला झाला. "गुरुजी, माझं काम कुणाला दिसू द्यायचं नव्हतं, तर घडवायला कशाला सांगितलंत?"

"साहेबाच्या जयंतीपर्यंत दम धर," एवढंच गुरू बोलला.

जयंतीला वरची मंडळी नाइलाजानं, हार घेऊन, पाटाच्या कडेकडेनं आली. वर ऊस हिरवागार. जसजसं खाली यावं तसतसा पाट आटत गेलेला, आणि शेवटाला नुसत्या भेगा. पाण्याची पाळी शेवटच्या गावाची होती, पण वरच्यांनी पाटातून शेतात पाणी सोडायची दारं उघडी ठेवून ते आपल्या उसाला लावलं होतं. साहेबाची पावलं धुळीत रुतलेली.

आता रीत अशी, की आधी पाय धुवायचे, मग हार. सरपंचानं पाणी मागितलं. रिकामी कळशी कमरेवर घेऊन एक बाई उभी होती. ती म्हणाली, "आमच्याकडं कुठलं, दादा? तुमच्याकडचं आणलंत का?"

कुणी हसलं नाही. सरपंचाच्या हातात हार तसाच राहिला.

तेव्हा वृद्ध म्हणाला, "धरणापाशी याचे पाय तुम्ही रोज धुतले असते, आणि इकडं कधी फिरकला नसतात. वरच्या प्रत्येकानं आपलं दार वेळेवर लावलं, तरच इथं पाणी पोचतं. पावलं ओली दिसली तर समजा, साहेब जिवंत आहे. कोरडी दिसली, तर तो दुसऱ्यांदा मेला. पहिल्यांदा देवानं नेला होता."

सरपंचानं हार बाभळीच्या फांदीला अडकवला आणि आल्या वाटेनं चालू लागला. "हार राहू द्या तिथंच," तो मागं न बघता म्हणाला, "दारं लावून येतो."

शिष्य पुतळ्यापाशीच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना काटक्या, पाचोळा, फेस ढकलत पाणी आलं. पाण्याच्या पुढं, वहाणा हातात घेऊन, सरपंच चालत होता. त्याच्या मागं वरची गावं.

पाणी पाषाणाच्या बोटांना लागलं, घोट्यापर्यंत चढलं. सरपंचानं हार काढून शिष्यापुढं धरला. "तू घाल, पोरा. तू घडवलास."

शिष्यानं मान हलवली आणि कळशीवाल्या बाईकडं बोट दाखवलं.

तिनं आधी कळशी भरून घेतली, मग हार घातला.