पखवाजाचे जेवण

माळसांगवीच्या मुरलीधराच्या देवळात श्रीतुळसनाथ महाराज राहत होते, त्या दिवसांतला हा प्रसंग. महाराज मूळचे कुठले, त्यांचे गुरू कोण, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हते. एका माघात ते आले, उत्तरेकडच्या ओवरीत घोंगडी अंथरली आणि राहिले. कुणी फारच विचारले तर हसून म्हणत, "इथला टाळ कानी पडला आणि पाय पुढं निघेनात. मग काय करणार बाबा?"

गाव तसे लहानच. एक पेठ, एक ओढा, चार आळ्या. पण त्या गावाच्या अंगात नाद होता. कोष्टी, कुंभार, कासार, शिंपी दिवसभर आपापल्या कामाला जुंपलेले असत आणि दिवेलागणीला हातपाय धुऊन देवळात भजनाला बसत. देवबा कुंभार गायचा. चांगल्या भाजलेल्या मडक्याला टिचकी मारावी तसा त्याचा आवाज घुमे. पखवाजावर परशराम कोष्टी असे. महाराज डोळे मिटून ऐकत, आणि एखादी जागा मनासारखी आली की लहान मुलासारखे "वा रे, वा रे!" करीत.

पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमेला, वाजवण्याआधी भिजवलेल्या गव्हाच्या कणकेचा गोळा लावावा लागतो. तेव्हाच तो गंभीर बोलतो, नाही तर नुसते कातडे बडवल्यासारखे वाटते. ही कणीक रोज ताजी लागते. माळसांगवीत ती द्यायची ठकूमाय.

ठकूमाय ही रंगोबा गुरवाची बायको. देवळातला पखवाज रंगोबाचाच. परशरामाला त्यानेच शिकवले होते. देवाघरी जाताना रंगोबा बायकोला म्हणाला होता, "पखवाज परशरामाच्या हाती दे. त्याला जेवायला मात्र तू वाढ." त्या दिवसापासून बावीस वर्षे ठकूमायचा एकच नेम. रोज मूठभर गहू जात्यावर दळायचे, साध्या पाण्यात कणीक भिजवायची, ओल्या फडक्यात गोळा गुंडाळून देवळात न्यायचा. भजन संपले की तोच गोळा खरवडून काढायचा आणि गाईला घालायचा. स्वतः ती ज्वारीची भाकरी खाई. सणासुदीलाही तिच्या ताटात पोळी दिसत नसे. गहू काय तो पखवाजाचा.

त्या वर्षी गव्हावर तांबेरा पडला. उभी शेते लाल झाली आणि गहू औषधाला मिळेना. त्यातच देवळाचे मुख्य पंच हणमंतशेट महाजन यांच्या मनाने वेगळेच घेतले. हणमंतशेट काही वाईट माणूस नव्हते. देवावर त्यांची भक्ती होती, पण ती जरीचा फेटा बांधून बसलेली भक्ती होती. एका मोठ्या संस्थानचा उत्सव ते पाहून आले होते आणि तेव्हापासून गावचे गाणे त्यांच्या कानाला टोचू लागले होते.

चैत्रातल्या सप्ताहाची बैठक भरली, तेव्हा ते सर्वांसमोर म्हणाले, "यंदा संस्थानचे दामोदरबुवा आणि त्यांची मंडळी येणार. सातही दिवस, शेवटच्या दिवशीच्या गोपाळकाल्यासकट, त्यांच्याकडे. माग ठोकणाऱ्या हातांनी आणि चिखल तुडवणाऱ्या पायांनी देवाची सेवा किती दिवस चालायची?"

"मग आम्ही काय करायचं शेटजी?" देवबाने विचारले.

"पाणपोई सांभाळा. मडकी तुझीच आहेत, शोभेलही तुला!" शेटजी म्हणाले, आणि काही माणसे हसली. "अन् एकदा देवाला चांगल्याची सवय लागली, म्हणजे पुढंही हेच चालेल."

रंगोबाचा पखवाज उचलून ओवरीत, महाराजांच्या घोंगडीशेजारी ठेवला गेला. परशराम ठकूमायच्या पायरीवर येऊन बसला. त्याला मान वर करवेना. "मावशी, आपलं संपलं. आता माझा माग भला अन् मी भला. तुम्हीही उगाच जातं ओढू नका."

ठकूमायने पुढ्यातली भाकरी झाकून ठेवली. भजन मोडले की माणसे मोडणार, पखवाजाला घुशी लागणार, आणि रंगोबाला दिलेला शब्द कुठे तोंड लपवणार? ती तशीच उठून महाराजांकडे गेली.

"महाराज, माझ्या कणकेचं आता काय करू?"

महाराज टाळाची दोरी ओवत बसले होते. वर न पाहताच म्हणाले, "पखवाज मेला का ग माय?"

"नाही महाराज, असं कसं बोलता!"

"मग जेवायला वाढ त्याला. वाजवणारा कोण, कधी वाजवील, ते तुला कशाला? तू आपलं ताट वाढून ठेव."

सप्ताह बसला. दामोदरबुवांची मंडळी खरोखरच गुणी होती. आपली कणीक बुवा बिऱ्हाडी स्वतः भिजवून आणत. ठकूमायही रोज आपला गोळा आणी आणि ओवरीतल्या कट्ट्यावर, पखवाजासमोर ठेवी. चैत्राचे ऊन ते! दुसऱ्या दिवशी गोळा वाळून दगड होई, आणि त्याच्या शेजारी नवा येई. पहिल्या दिवसाच्या गोळ्याला मधोमध तडा गेला होता, त्यामुळे तो तिला लांबूनही ओळखू येई.

चौथ्या दिवशी हणमंतशेट पाहुण्यांना घेऊन तिकडून चालले होते. कट्ट्यावरची रांग पाहून ते थबकले.

"काय ठकूबाई, गोफणीचे गोळे करताय होय? देवळात पाखरं फार झाली वाटतं!"

मागची मंडळी खो खो हसली. ठकूमायने पदर सावरला. "ज्याचं त्याला वाढते आहे शेटजी," एवढेच ती म्हणाली. पण घरी गेल्यावर जात्यावर डोके टेकून बराच वेळ रडली.

सहाव्या दिवशी गव्हाच्या मडक्याचा तळ लागला. सातव्या दिवशी, काल्याच्या सकाळी, तिने मडके उपडे करून थोपटले तर मूठभर कोंडा आणि दोन किडे निघाले. ती दोन घरी जाऊन आली. दोन्हीकडे ज्वारीच. ज्वारीच्या पिठाला चिकटा कुठला? मग मन घट्ट करून ती महाजनांच्या दाराशी गेली. आत पुरणाचा घमघमाट सुटला होता. पाट्यावर वाटण चालले होते, परातीत कणीक तिंबली जात होती.

"मूठभर पीठ हवं होतं शेटजी. नेमापुरतं."

"जेवायला थांबा की," हणमंतशेट म्हणाले. "पोटभर पुरणपोळी खा, वर तूप घ्या, नाही कोण म्हणतंय? पण दगडं करायला पीठ नाही मिळायचं हो!"

ठकूमाय रिकाम्या हाताने देवळात आली आणि महाराजांपुढे बसकण मारली. "बावीस वर्षांचा नेम आज मोडला, महाराज. आज हात रिकामा."

"सूर्य बुडाला का?" महाराजांनी विचारले.

"नाही."

"मग आत्ताच कशाला रडतेस? बस इथं गारव्याला."

आता माळसांगवीची एक रीत सांगायला हवी. तिथे काल्याची हंडी फुटते ती भर मध्यान्ही. दीपमाळेची सावली आखडत आखडत तिच्या पायथ्याच्या ओट्यावर आली की हंडी फोडायची, आणि ती पखवाजाच्या गजराशिवाय फोडायची नाही. वेळ टळली तर वर्षभर काला नाही. असे कधी झाले नव्हते.

त्या दिवशी देवळात तीळ ठेवायला जागा नव्हती. दामोदरबुवा पखवाज घेऊन बसले, तोच हणमंतशेट चांदीची वाटी मिरवीत पुढे आले. "बुवा, आज आमच्या घरची कणीक. साध्या पाण्यातली नाही हो! दुधात भिजवली, साजूक तुपात मळली. देवाच्या कामाला हात आखडता कशाला घ्यायचा?"

बुवांचा चेहरा क्षणभर उतरला. पण यजमान, त्यातून भरल्या सभेत हात पुढे केलेला. नको म्हणवेना. त्यांनी गोळा धुमेला लावला, अभंग उचलला, आणि तिसऱ्या आवर्तनाला गोळा सुटून मांडीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. बुवांनी कातडे पुसले, राख चोळली. पण तूप मुरायचे ते मुरले होते. तुपाची कणीक कातड्याला धरत नाही, हे कोणत्याही पखवाज्याच्या घरी शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. हणमंतशेटांना कोण सांगणार? धुमेतून फदफद असा आवाज येऊ लागला.

"साध्या पाण्यातली कणीक आणा!" बुवा घाईने म्हणाले. "आणि दुसरा पखवाज असेल तर तो. हा आता बोलत नाही."

हणमंतशेटांनी घरी माणूस पळवला. तो धापा टाकीत परत आला. "शेटजी, सगळं पीठ पोळ्यांत गेलं. चिमूटभर राहिलं नाही. गहू दळायला घेऊ का?"

दळणार कधी आणि भिजवणार कधी? दीपमाळेची सावली ओट्याच्या कडेला चार बोटांवर येऊन ठेपली होती. बायका कुजबुजू लागल्या. हणमंतशेटांच्या कपाळावरून घाम निथळत होता. मुरलीधराचा काला आपल्या हातून चुकणार, या विचाराने ते कधी सावलीकडे तर कधी दाराकडे पाहू लागले.

महाराज ओवरीतून उठले. "परशराम कुठं आहे?"

"पाणपोईवर, महाराज."

"बोलाव त्याला. हात पुसून ये म्हणावं." मग ते ठकूमायकडे वळले. "माय, हात पुढं कर."

त्यांनी कट्ट्यावरचा पहिला गोळा उचलला, तोच तडा गेलेला, आणि तिच्या ओंजळीत ठेवला. चांगला दगडासारखा टणक. वर आपला तळवा झाकला आणि डोळे मिटून मुरलीधराचे नाव घेतले. ठकूमायला आधी नुसती ऊब जाणवली. मग ओंजळीत काहीतरी हलल्यासारखे झाले आणि जात्यातून नुकत्या उतरलेल्या पिठाचा वास तिच्या नाकाशी आला. महाराजांनी हात काढला. तिने भीत भीत अंगठा टेकवला, तो पेरभर आत रुतला! तडा मिटला होता. आत्ता या घटकेला मळल्यासारखा मऊ, ओला गोळा तिच्या ओंजळीत होता.

"अगं बाई!" एवढेच तिच्या तोंडून निघाले.

"बघतेस काय? वाढ की," महाराज म्हणाले. "भुकेला आहे तो सात दिवसांचा."

तिने धुमेला कणीक लावली, बावीस वर्षे परशराम लावायचा तशी, कडेला पातळ आणि मध्ये जाड. परशरामाने गुरूच्या पखवाजाला कपाळ टेकले आणि थाप मारली. काय सांगावे! ढग जमिनीला टेकून बोलावा तसा तो नाद गाभाऱ्यात शिरला आणि समईच्या ज्योती हलल्या. देवबा कुंभाराने पाणपोईवरूनच सूर लावला आणि गर्दीने त्याला वाट दिली. दामोदरबुवा आपला मान विसरून उठले, कासाराच्या हातून टाळ मागून घेतला आणि परशरामाच्या मागे उभे राहिले. गजर टिपेला गेला, सावली ओट्यावर आली आणि हंडी फुटली.

काला वाटून झाल्यावर बुवांनी परशरामाला पोटाशी धरले. "हा हात कुणी घडवला?"

"या मावशींच्या धन्यानं," परशराम म्हणाला.

"आणि राखला यांनी," बुवा म्हणाले आणि ठकूमायला त्यांनी हात जोडले.

हणमंतशेट मात्र कट्ट्यापाशी उभे होते. मन अजून मानत नव्हते. उरलेल्या पाच गोळ्यांतला एक उचलून त्यांनी दाबून पाहिला. हलेना. पायरीच्या दगडावर आपटला. टक्क आवाज झाला आणि पायरीचाच टवका उडाला. तो गोळा हातात धरून शेटजी मटकन खाली बसले. जरीचा फेटा काढून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराजांनी हलकेच पाय मागे घेतले. "इथं काय आहे शेट? आम्ही तर हिनं वाढलेलं ताट नुसतं सरकवून दिलं."

ठकूमाय तेव्हा धुमेवरची कणीक खरवडून काढत होती. हणमंतशेट तिच्यापुढे वाकले. "मावशी, सकाळी दारातून तुम्हाला रिकाम्या हाती पाठवलं. मूठभर पीठ नाकारलं आणि मुरलीधराचा काला मोडायला निघालो होतो. मला पदरात घ्या."

"शेटजी, वर उठा. लोक बघताहेत."

"बघू देत. ते तुम्हाला हसले तेव्हा मीही बघितलंच की. मावशी, उद्यापासून गहू माझ्या घरचे."

"एका घरचे नकोत," महाराज मध्येच म्हणाले. "गाणं गावाचं आहे. रोज एका घरचा मूठभर गहू येऊ दे. ज्याच्या घरचा दाणा, त्याचा कान आपोआप भजनाकडं लागेल. आणि परशराम, देवबा, पाणपोईवर आता दुसरं कुणी बसेल बरं का!"

"मग उद्याची पहिली मूठ माझी," हणमंतशेट म्हणाले. थोडे घुटमळून त्यांनी विचारले, "मावशी, भिजवायची कशी ते मला दाखवाल?"

ठकूमाय हसली. कित्येक दिवसांनी हसली ती. "नुसत्या पाण्यात, शेटजी. दूध नको, तूप नको. पाणी मात्र बेताबेतानं घाला." आणि खरवडलेला गोळा त्यांच्या हातावर ठेवून म्हणाली, "आधी हा गाईला घालून या."

भर उन्हात, उघड्या डोक्याने, हाताला चिकटलेली कणीक सांभाळीत माळसांगवीचे मुख्य पंच गाईपाशी गेले. गाईने गोळा खाल्ला, वर हातही चाटला. परत आल्यावर त्यांनी त्याच हातांनी ठकूमायच्या पायांना स्पर्श केला, आणि या खेपेला तिने "वर उठा" म्हटले नाही. ती म्हणाली, "मुरलीधर तुमचं भलं करो."