राजाचे चुकले तर

सुरंगा नदीच्या खोऱ्यात माधवसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा वाईट नव्हता, पण आपला कारभार कसा चालला आहे हे त्याला कळेनासे झाले होते. दरबारात जो तो सारे उत्तम आहे एवढेच म्हणे. म्हणून त्याने श्रीरंगपंत नावाच्या अभ्यासू माणसाला शेजारची दोन राज्ये पाहून यायला सांगितले. कोणाची पद्धत चांगली ते पंतांनी सांगावे. सल्ला पटला तर प्रधानपद त्यांचेच, असे ठरले.

पंत आधी नंदगिरीला गेले. तिथे राजाचा शब्द शेवटचा. सकाळी हुकूम सुटला की संध्याकाळी काम झालेले. रस्ते झाडलेले, कालवे वाहते. पंतांना ते फार आवडले.

मग ते वेत्रवनात गेले. तिथे गावोगावचे पंच जमून कारभार करीत. तळ्यातला गाळ कोणी काढायचा यावरच त्यांचा वाद दुपारपर्यंत चालला. पंत कंटाळून बाहेर आले, तर पारावर मुख्य पंच टेकलेले आणि समोर एक कुंभारीण उभी.

"अण्णा, मोरी भलत्याच जागी बांधलीत. माझी भट्टी पाण्यात गेली. आता या वयात तरी आधी विचारत जा," ती म्हणत होती.

मुख्य पंच कुरकुरले, पण उठून मोरी पाहायला गेले.

पंत विचारात पडले. एका ठिकाणी रस्ते पाहायचे आणि दुसऱ्या ठिकाणी वाद ऐकायचा, ही काही तुलना नव्हे. ते पुन्हा नंदगिरीला गेले. या खेपेला राजवाड्याचा पाहुणचार न घेता धर्मशाळेत उतरले. शेजारच्या विणकराला त्यांनी विचारले, की इथे राजाचे चुकले तर त्याला कोण सांगते?

विणकराने आधी मागे वळून पाहिले. मग म्हणाला, "पाहुणे, जेवण झाले का तुमचे?"

पंत परतले, पण थेट दरबारात गेले नाहीत. तोच प्रश्न त्यांनी आपल्या बाजारपेठेत एकाला विचारला. मगच राजासमोर उभे राहून दोन्ही राज्यांत पाहिलेले सगळे सांगितले.

राजा खुशीत म्हणाला, "म्हणजे आपले वेत्रवनासारखेच की."

"नाही महाराज. आपल्या बाजारातल्या माणसानेही आधी मागे वळून पाहिले."

राजाचा चेहरा उतरला. "कोण तो? नाव सांगा."

प्रधानपद हातचे जाणार हे पंतांना दिसत होते. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, असे नाव विचारले जाते, म्हणूनच तो मागे पाहतो."

राजाने नाव पुन्हा विचारले नाही. पंत प्रधान झाले, आणि ज्याला राजाची चूक दाखवायची असेल त्याच्यासाठी राजा दर सोमवारी चावडीवर बसू लागला. पहिल्या सोमवारी कोणी फिरकले नाही. दुसऱ्या सोमवारी एक तेलीण आली. घाटाच्या तुटक्या पायऱ्यांवरून तिने राजाला चांगले ऐकवले आणि जाता जाता चावडीच्या गळक्या छपरावरूनही बोलून गेली.

"बाई फार बोलते हो," राजा पंतांना म्हणाला. आणि पुढच्या सोमवारी तिला बसायला पाट मांडून ठेवायला त्याने सांगितले.

तात्पर्य: राज्याराज्यांची तुलना करताना सगळीकडे एकच माप लावावे, आणि ते आपल्या घरालाही लावावे. जिथे राज्यकर्त्याची चूक त्याच्या तोंडावर निर्धास्तपणे सांगता येते, तोच कारभार चांगला.