केळीचं पान आणि गुळव्याचा हात

वाचनालयाच्या बाईंनी तीनदा निरोप धाडला, मुलांसाठी एक गोष्ट लिहून द्या म्हणून. माझी शाळा तिसरीतच सुटली, मला कसल्या गोष्टी येतात? ही एकच येते. घ्या.

एका गावात केळीच्या बागा होत्या आणि बागांच्या पलीकडे एक म्हातारा एकटा राहायचा. घड उतरवले की लोक पानं बांधावर फेकून द्यायचे. म्हातारा ती वेचायचा, उकळायचा, सावलीत वाळवून फडताळात रचून ठेवायचा. त्याची बायको चुलीवर भाजून गेली होती. जखमेवरचं फडकं रोज चिकटायचं आणि ते सोडवताना ती ओरडायची. ते ओरडणं त्याच्या कानातून गेलंच नाही. केळीचं पान चिकटत नाही हे त्याला कळलं, पण ती गेल्यावर.

गावाने त्याचं नाव पाडलं, पाचोळ्या.

हंगामात तो पानांचा भारा घेऊन गुऱ्हाळावर गेला. गूळ करणाऱ्या गुळव्याला म्हणाला, "इथं कढत रसाशी गाठ आहे. एवढी पानं असू दे जवळ."

"पाचोळ्या, कचऱ्याची जागा मला ठाऊक आहे," गुळव्या म्हणाला आणि त्याने भारा चुलाणाच्या जाळात टाकला. चार माणसं हसली. म्हातारा घरी आला. पुढे बरेच दिवस तो कुणाशी बोलला नाही. खरं तर बोलायला कुणी आलंच नाही.

पाक झाला का ते गुळव्या बोटांनी बघायचा. आधी हात गार पाण्यात, मग चटकन पाकात, की पुन्हा पाण्यात. एके दिवशी बढाया मारता मारता तो आधीचं पाणी विसरला. कोरडा हात पाकात गेला.

आठ दिवसांनी त्याची बायको म्हाताऱ्याच्या दारात आली.

"बाबा, फडक्याबरोबर कातडी निघतेय. बोटं आखडली तर त्यांना गुऱ्हाळावर कोण उभं करील?"

"त्यानं माझी पानं जाळली."

"जाळली. मी तिथंच होते. बोलले नाही, हे माझं चुकलं."

म्हाताऱ्याच्या कानात ते जुनं ओरडणं सुरू झालं. तो उठला आणि त्याने फडताळ उघडलं.

महिनाभर तो रोज गेला. पान बदलताना गुळव्या डोळे गच्च मिटायचा.

"झालं?"

"कधीच झालं."

बोलणं एवढंच. पण तेवढ्यासाठी म्हातारा सकाळपासून धुतलेला सदरा घालून बसायचा.

बोटं सरळ झाली. गुळव्या पुन्हा चुलाणापाशी उभा राहिला. पहिला गूळ निघाला त्या दिवशी म्हाताऱ्याने दोन कप चहा टाकला. एक प्यायला. दुसरा निवून गेला.

तात्पर्य: दुखतं तेव्हा सगळेच दार वाजवतात. बरं झाल्यावरही एकदा वाजवावं.

आणि बाई, हे मुलांना वाचून दाखवाल तर खालचं गाळू नका. त्या बाईनं आपलं चुकलं म्हणून सांगितलं, तिचा मला राग नाही. माझी माफी मागायची राहिली आहे ती सिद्राम गुळव्यानं.