पाचवा फटका

“मग हिशेबात चूक कुठे आहे ती दाखवा ना!”

मी कागद बाबूकाकांच्या वाडग्याशेजारी आपटला. काका पडवीत बसून पेज पीत होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. लोणच्याची फोड सावकाश चोखत राहिले.

बोटीवरची नोकरी संपवून काका वेंगुर्ल्याला परतले, तेव्हा बरोबर हा खेळ घेऊन आले. टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो आणि राक्षस आणतो. बाकीचे आपापला वीर होतात आणि फासे टाकून लढतात.

काकांनी तो माझ्या मोठ्या भावाला, दिगादादाला, आणि मला शिकवला. दादा वीर व्हायचा, ढालवाला. सूत्रधार मी. मला गप्प बसवत नाही म्हणून ते काम दादानेच माझ्या गळ्यात घातलं होतं.

गणपतीनंतर दादा गेला. साधा ताप म्हणता म्हणता गेला.

तेव्हापासून माझ्या टेबलावर दर रविवारी सगळे मरत होते.

“आता पुन्हा मेलो तर या टेबलावर कॅरम मांडायचा,” आमच्यातल्या वैजूने सांगून टाकलं होतं. फ्रान्सिसने तर पावडरही आणून ठेवली होती.

दादाच्या टेबलावर कॅरम! ते मला चालणार नव्हतं. म्हणून मी धावत टेकडी चढून आलो होतो.

“राक्षस कोणता?” काकांनी विचारलं.

“माकूल. जाळ्यात येतो तसाच, आठ-दहा हातांचा, पण राक्षसाएवढा. दीपगृहाखालच्या गुहेत राहतो. एकेक हात होडीएवढा लांब.”

“वा. कालवण बरं होईल.”

“काका!”

“बरं, बरं. फटके किती मारतो?”

“एका फेरीत पाच. माणशी एक. आणि त्याचा जीव असा बेताचा ठेवलाय, की पाच जण नीट लढले तर शेवटी तिघे तरी धापा टाकत उभे राहतील. तुम्हीच शिकवलंय हे.”

“शिकवलंय खरं.”

“मी आठवीत शाळा सोडली, पण ही बेरीज मला येते.”

“येते की. गावात तुझ्याइतकी कुणाला येत नाही.”

“मग हे मरतात कशाला? खेळताच येत नाही त्यांना! वैजू पुढे पुढे करते. फ्रान्सिसला फासा टाकायच्या आधी सगळे संत आठवायचे असतात. तोवर माकूल जेवून उठतो!”

काकांनी वाडगा बाजूला सरकवला.

“मांड,” ते म्हणाले.

मी कागदावर गुहा काढली. दादाने आंब्याच्या लाकडातून कोरलेल्या सोंगट्या मी पिशवीतून काढल्या. वैजूची, फ्रान्सिसची, बाकीच्या दोघांची. माकूल म्हणून काकांचा तंबाखूचा डबा ठेवला.

चौघांना काका खेळवणार. माकूल माझा.

पहिल्या फेरीत चौघांना एकेक फटका बसला. उरलेला मी वैजूला दिला.

दुसऱ्या फेरीत उरलेला फ्रान्सिसला.

तिसऱ्या फेरीत वैजू आडवी झाली. मग फ्रान्सिस. मग भराभर बाकीचे. काका बोटीवर निम्मं आयुष्य खेळलेला माणूस, फासेही त्यांना चांगले पडत होते. तरीही त्यांची शेवटची सोंगटी पडली.

“मेलो,” काका खुशीत म्हणाले.

“बघा! तुम्हीसुद्धा!”

“हो रे. त्या पाचव्या फटक्याने मेलो.”

मी पडलेल्या सोंगट्या परत उभ्या करायला लागलो.

“कुणाचा होता तो?”

मी फ्रान्सिसची सोंगटी उभी केली.

“झिला, मी विचारतोय. फटके माणशी एक. चौघांचे चार. पाचवा कुणाचा?”

माझा हात खिशात गेला. दादाची सोंगटी तिथेच होती, ढालवाला. घराबाहेर पडताना मी त्याला बरोबर घेतो.

“दादाचा,” मी म्हणालो.

“दादाचा फटका वैजूला कशाला मारलास?”

“कारण दादा नाहीये, काका!”

मी हात झाडला. गुहा, डबा, सोंगट्या, सगळं उडालं. फ्रान्सिस थेट पेजेत पडला.

काकांनी त्याला चमच्याने बाहेर काढलं. लुंगीला पुसून उभा केला.

“फासा चुलीकडे घरंगळलाय बघ,” ते म्हणाले. “आण जा.”

मी आणला. परत बसलो. वाऱ्याने काजूची सुकी पानं पडवीत आली आणि निघूनही गेली.

“आता तुम्ही सांगणार, चार कर,” मी म्हणालो. “सगळे तेच सांगतात. घरी पाटही चारच मांडतात आता. मी नाही चार करणार. करायला सांगूच नका.”

“मी कुठे सांगितलं?”

“मग?”

“पाचच ठेव.”

“पाच ठेवले तर ते मरतात! आत्ता मेलात ना तुम्ही? आणि मग रविवारी कॅरम!”

काकांनी तळहात पुढे केला. नुसता धरून ठेवला.

मी खिशातून ढालवाला काढला आणि... दिला.

काकांनी नवी गुहा काढली. चौघांना मांडलं. ढालवाल्याला गुहेच्या तोंडाशी ठेवलं, सगळ्यांच्या पुढे. दादा नेहमी तिथेच उभा राहायचा.

“मार,” ते म्हणाले.

“पण त्याला खेळवणार कोण?”

“कुणी नाही. तो उभा आहे. मार.”

मी चार फासे चौघांवर टाकले. पाचवा हातात धरून बसलो.

“माणशी एक,” काका म्हणाले.

मी टाकला.

“लागला का?”

“लागला.”

काकांनी माझ्या हिशेबाच्या कागदावर दादाच्या नावापुढे घाव मांडला. मग चौघांना घेऊन माकुलावर तुटून पडले.

पुढच्या फेरीतही तेच. चार चौघांना, एक दादाला. त्याच्या पुढच्या फेरीत दादाचा फटका ढालीवर बसला, तेव्हा काकांनी मांडीवर थाप मारली. वैजू पडली. फ्रान्सिसचा जीव नखाएवढा उरला. आणि तंबाखूचा डबा कलंडला.

तिघे धापा टाकत उभे होते. ढालवाला पुढे होता.

“मेला माकूल!” मी ओरडलो. “काका, मेला! फ्रान्सिस आता महिनाभर बढाया मारेल!”

“मारू दे. माझ्या पेजेत बुडून बळ आलंय त्याला.”

मला हसू आलं. काकाही हसले. हसत हसत मी सोंगट्या गोळा करायला लागलो आणि दादाच्या नावापुढचे घाव दिसले. त्याचा जवळजवळ निम्मा जीव गेला होता.

“काका...”

“हं.”

“आमच्या खेळात घाव पुढच्या रविवारीही तसाच राहतो. औषध ज्याचं त्यानेच प्यायचं असतं.”

“हं.”

“दादा औषध पिणार नाही. मागे हटणार नाही. प्रत्येक राक्षसाचा एक फटका त्याच्यावरच पडणार.”

“पडणार.”

“म्हणजे एका रविवारी तो... टेबलावर... सगळ्यांच्या समोर...”

काकांनी ढालवाल्याच्या डोक्यावर सांडलेली तंबाखूची भुकटी अंगठ्याने पुसली. तो माझ्या हातात दिला आणि माझी मूठ मिटली.

खाली जेट्टीवर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. मूठ न उघडता मी विचारलं.

“तोवर मी काय करू, काका?”

“राक्षस त्याच्या तोलामोलाचे आण.”