चिखलातली चव

फार जुन्या काळची गोष्ट. उत्तरेच्या थंड समुद्रात एक काळा खडक होता आणि त्या खडकावर सीलांचं एक मोठं खटलं नांदत होतं. सील म्हणजे गुळगुळीत अंगाचा, मिशाळ प्राणी. पाण्यात मासोळीसारखा चपळ, आणि जमिनीवर भरलेलं पोतं ओढत न्यावं तसा.

त्या खटल्यात एक नवी सून आली. तिचं माहेर दूर, दक्षिणेच्या उथळ खाडीत. तिथे तळाशी मऊ चिखल होता आणि चिखलात अंग चोरून निजलेले चपटे मासे. आईने तिला शिकवलं होतं, "डोळ्यांनी शोधू नकोस, बाळ. मिशा टेकव आणि थांब. चिखल श्वास घेतोय असं वाटलं, की तिथे मासा."

सासरची रीत निराळी होती. सकाळी सासूबाई खडकाच्या टोकावरून हाक द्यायच्या, की सगळे एकदम पाण्यात. दुपारी सगळे एकदम वर. मग सासूबाई विचारायच्या, "काय, कशी होती तारली?"

सगळे म्हणायचे, "गोड होती."

तारली म्हणजे थव्याने पळणारी चंदेरी मासळी. या घराण्याला तिचा फार अभिमान.

पहिल्याच दिवशी सून नाकाला चिखल लावून वर आली. मोठी जाऊ म्हणाली, "बाई बाई, माहेर नाकावरच घेऊन आलीस की गं."

सासूबाई हसल्या नाहीत. "आपल्यात तळ उकरत नाहीत," त्या म्हणाल्या. "आपण तारली खातो."

दुसऱ्या दिवसापासून सून तारलीच्या मागे धावू लागली. थवा समोरून यायचा, झर्रकन वळायचा, आणि ही वळेपर्यंत पार पलीकडे. दिवसाकाठी दोन-तीन लागायच्या तोंडाला, त्याही म्हाताऱ्या, पळायचा कंटाळा आलेल्या. खाली मात्र चिखल पसरलेला असायचा. चिखल इथेही होताच. ती त्याच्यावरून पोहत जायची आणि तिच्या मिशा आपोआप थरथरायच्या, कोणी नावाने हाक मारावी तशा. पण ती खाली गेली नाही. सासरी शहाणपण म्हणजे गप्प बसणं, असं तिने धरून ठेवलं होतं.

नवरा भला होता. चाळीस तारल्या खाऊन तो तिच्याशेजारी येऊन पडायचा आणि म्हणायचा, "पोटभर खात जा. समुद्र भरलाय नुसता."

"खाते की," ती म्हणायची, आणि दक्षिणेकडे तोंड करून पडून राहायची.

तिच्या पोटात पिल्लू होतं. या जातीच्या सीलांत आई बाळंत झाली की शिकारीला जात नाही. अंगावर साठवलेल्या चरबीचंच दूध होतं. आणि सुनेच्या अंगावर चरबी धरत नव्हती. कातडी दुसऱ्या कोणाची मागून आणल्यासारखी सैल पडत चालली होती. आपल्याला उपाशी राहता येईल, पण पिल्लाला काय पाजायचं, हा विचार तिला उन्हातही निजू देत नसे.

एके दिवशी थव्यामागे धावताना तिचा दम संपला. तिने धावणं सोडलं आणि अंग सैल करून वाहत वाहत खडकामागच्या उंच शेवाळाच्या रानात गेली. तिथे तिला आवाज आला. कडाक, कडाक.

शेवाळाआड सासूबाई होत्या. एकट्या. तोंडात भलामोठा खेकडा.

दोघी वर आल्या. पानांमधून दोन डोकी बाहेर निघाली.

"काय बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. "खेकडा आहे."

"तुम्ही तर तारली..."

"म्हणते तसं. माझ्या सासूबाईही म्हणायच्या. त्या काय खात होत्या देव जाणे." त्यांनी एक नांगी चघळून टाकली. "माझं माहेर पूर्वेचं, खडकाळ. तारली मला कधी जमलीच नाही. तुला जमते ना?"

सासूबाईंनी तिच्या सैल कातडीकडे पाहिलं आणि त्यांचं चघळणं थांबलं.

"रोज 'गोड होती' म्हणायचीस ना गं?"

"तुम्ही विचारायचात तसं, म्हणून."

सासूबाईंनी उरलेला खेकडा पाण्यात सोडून दिला. मग त्या हळू म्हणाल्या, "तुझ्याआधी एक सून आली होती. तीही म्हणायची, गोड होती. हिवाळ्यात गेली. आम्ही म्हटलं, प्रकृतीच नाजूक." त्यांनी सुनेकडे वळून विचारलं, "तुझ्या आईकडे काय खायचीस?"

हे तिला त्या खडकावर कोणी पहिल्यांदाच विचारलं होतं. तिने चिखल, चपटे मासे, आईची शिकवण, सगळं सांगितलं. मग तिने सासूबाईंना तळाशी नेलं, मिशा टेकवल्या, थांबली, आणि एक चपटा मासा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

सासूबाईंनी चव घेतली. "ह्यात काय आहे एवढं? चिखल आहे नुसता," त्या म्हणाल्या. "तू खा."

त्या दुपारी खडकावर सासूबाईंनी निराळंच विचारलं. "आज कोणी काय खाल्लं? खरं सांगा."

पहिल्यांदा मोठ्या जावेने पाण्याकडे बघत सांगितलं, की ती समुद्रतळाच्या खोल दरीत उतरून माकूल, म्हणजे तो लांब हातांचा मऊ जीव, पकडते. दीर झिंग्यांवर जगत होता. एकेक करून सगळे बोलले. उरला एकटा सुनेचा नवरा. तो गोंधळून म्हणाला, "म्हणजे तारली मी एकटाच खातो? मला वाटायचं, मीच सगळ्यांत चपळ, म्हणून थवा मला मोकळा मिळतो."

खडक हसला, सूनही हसली.

हिवाळ्यात तिला पिल्लू झालं आणि दूध पुरलं. इथल्या चिखलाला माहेरच्या चिखलाची चव नव्हती, ती कशी असणार? जेवण झालं की ती अजूनही घटकाभर दक्षिणेकडे बघत बसायची. आता शेजारी सासूबाई येऊन बसायच्या, आणि त्या पूर्वेकडे बघायच्या.

सांगणं एवढंच: एका घरात राहणाऱ्यांची भूक एक नसते, ती ज्याची त्याला विचारावी लागते.