हौशाची झापडं

आहे त्यात सुख मानावं, दुसऱ्याच्या घराकडे बघू नये, आणि असं का, ते विचारू नये.

हा नियम होता. एका गावात एक भोळी मुलगी होती, तिला हा नियम घरच्या सगळ्यांनी मिळून शिकवला. शिकवून झाल्यावर तो पाळायचं काम तिच्या एकटीकडे आलं.

मुलीचं नाव अनशी. तिच्या घरी लाकडी तेलघाणा होता आणि घाण्याला हौशा नावाचा बैल होता. हौशाच्या डोळ्यांवर कातडी झापडं असायची, कारण आजूबाजूचं दिसलं की बैल थांबतो, आणि बैल थांबला की तेल थांबतं. अनशी घाण्याच्या आडव्या लाकडावर बसायची आणि हौशाबरोबर गोल गोल फिरायची. तिळाची ताजी पेंड गुळाबरोबर खायची. थोडी हौशाला द्यायची. संध्याकाळी कुणी विचारलं, "काय गं, दिवसभर दिसली नाहीस?" तर म्हणायची, "फिरायला गेले होते."

ती सुखी होती. पण तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिला ते माहीत नव्हतं.

घरात मोठी माणसं तीन. आबा, आई आणि गोदूआत्या. तिघं ओसरीवर बसून नियम सांगायची. ओसरीच्या बरोबर समोर चंपाकाकूंचं घर होतं.

"वरचा मजला चढवतायत," आबा म्हणायचे.

"खिडक्यांना रंगीत काचा लावल्यात. बाहेरून कशाला लागतात रंगीत काचा?" आई म्हणायची.

"लेक दिली ना मोठ्या घरी," आत्या म्हणायची. "जावयाची गाडी बघितली का? दारात उभी राहिली की शेपूट पार पिंपळाखाली जातं."

मग तिघं मिळून एक उसासा सोडायची आणि अनशीकडे वळायची. "आपण मात्र आहे त्यात सुख मानावं. दुसऱ्याच्या घराकडे बघू नये."

"बरं," अनशी म्हणायची.

एके दिवशी आईने तिच्या हातात तेलाची बरणी दिली. "चंपाकाकूंकडे नेऊन ओतून ये. आणि त्यांच्या घराकडे बघत बसू नकोस."

"मग कुठे बघू?"

"कुठेच बघू नकोस. त्या हौशाकडून शीक काहीतरी. बघतो का तो इकडेतिकडे? म्हणून सुखात आहे."

"बरं," अनशी म्हणाली. घाण्यावर गेली, हौशाची झापडं सोडली, आपल्या डोळ्यांवर बांधली आणि निघाली.

उन्हाळ्याचे दिवस होते. चंपाकाकूंनी अंगणात जुन्या साड्या अंथरून त्यांवर कुरडया वाळत घातल्या होत्या. अनशी त्यांवरून चालत गेली. पायाखाली कुरकुर वाजलं. तिला वाटलं, यांच्या अंगणात किती पाचोळा साठलाय. पण आपण बघायचं नाही. पुढे हाताला काहीतरी गोल लागलं. तिने त्यात तेल ओतलं. तो पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. मग ती आली त्याच वाटेने परत गेली, आणि जाताना वाचलेल्या कुरडया येताना राहिल्या नाहीत.

तिकडे हौशाला आयुष्यात पहिल्यांदा बाजूला काय आहे ते दिसलं. बाजूला भिंत होती. तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

चंपाकाकू तरातरा ओसरीवर आल्या. "वहिनी, तुमच्या अनशीने माझ्या वर्षाच्या कुरडया तुडवल्या. डोळ्यांना बैलाची झापडं बांधून."

"काहीतरीच काय चंपाताई? असं कोण बांधेल?" आई म्हणाली आणि वळली. अनशी दारात उभी होती. झापडं अजून डोळ्यांवर होती.

"अगं, हे काय आहे?"

"समाधान," अनशी म्हणाली.

चंपाकाकू गेल्यावर आईने कपाळाला हात लावला. खरं तर त्या कुरडयांचं तिला फार वाईट वाटलं नव्हतं, पण चारचौघांत शोभा झाली होती. "लोकांकडे गेलं की डोळे उघडे ठेवावेत, भवाने. असेल ते नीट बघावं. कौतुक करावं. म्हणावं, छान आहे हो, असंच वाढत राहो. आतून काही का वाटेना."

"आतून काय वाटायला हवं?"

"ते तुला सांगायची गरज नाही. तू कौतुक कर."

"बरं," अनशी म्हणाली.

दोन दिवसांनी पोस्टातल्या दामूअण्णांची दाढ सुजली. गाल टम्म फुगला. आईने अनशीजवळ लवंगेचं तेल दिलं. अण्णा खाटेवर पडले होते. शेजारीपाजारी गंभीर चेहऱ्याने बसले होते. अनशीने डोळे उघडे ठेवले. अगदी जवळ जाऊन, इकडून आणि तिकडून, नीट बघितलं.

"छान आहे हो गाल," ती म्हणाली. "कसा गोल आहे. असाच वाढत राहो."

अण्णांना बोलता येत नव्हतं. त्यांनी चप्पल फेकली. अनशीने ती उचलली, नीट बघितली, आणि म्हणाली, "हीसुद्धा छान आहे."

संध्याकाळी आबांनी तिला समोर बसवलं. आबांचा स्वतःचा असा समज होता की ते शांतपणे समजावून सांगतात.

"अक्कल गहाण टाकलीस का?"

"नाही."

"मग अशा वेळी काय म्हणावं कळत नाही? माणूस बेजार आहे, तोंड वाकडं झालंय, डोळ्यांत पाणी आहे. तेव्हा म्हणावं, आली पीडा. लवकर जावो, पुन्हा या घरात न येवो."

"तोंड वाकडं आणि डोळ्यांत पाणी असलं की?"

"हो."

"बरं," अनशी म्हणाली. शिकवलेलं वाया घालवायचं नाही, एवढं एकच तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं.

त्याच महिन्यात चंपाकाकूंच्या दिगंबरचं लग्न झालं. वरात दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं, सगळा गाव बघायला उभा होता. ओसरीवरची तिघंही पुढच्या रांगेत होती. आत्या सुनेच्या गळ्यातल्या पदकावरून नजर काढत नव्हती आणि आई आहेराची भांडी लांबूनच ओळखत होती. नियम ओसरीवरचा होता. इथे ओसरी नव्हती.

नव्या सुनेचा घसा माहेर सोडताना रडून बसला होता. तोंड वाकडं झालं होतं. डोळ्यांत पाणी होतं. अनशीने दोन्ही खुणा पडताळून पाहिल्या. सुनेने पायाने माप ओलांडलं, तांदूळ सांडले, आणि क्षणभर सगळे गप्प झाले तेव्हा अनशी स्पष्ट आवाजात म्हणाली, "आली पीडा. लवकर जावो, पुन्हा या घरात न येवो."

सून रडता रडता फिसकन हसली. बाकी कुणी हसलं नाही.

या खेपेला शिकवायची पाळी गोदूआत्याची होती. पण आत्याने शिकवलं नाही. ती म्हणाली, "या पोरीचं लग्न करा." घरात कुणाला काय करायचं ते कळेनासं झालं की हाच उपाय निघायचा.

आत्याने स्थळही आणलं. तालुक्याच्या गावचे फल्ले. तेलाची मिल, यंत्रावर चालणारी. दुमजली बंगला. मुलगा एकुलता एक.

"आणि गाडी?" आईने विचारलं.

"चंपाच्या जावयापेक्षा हातभर लांब."

"हातभर कशावरून?"

"मी विचारून घेतलं."

आई आणि आबांनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचं असं एकमत झालं नव्हतं. मग आबांना एक अडचण सुचली. जावई आला की एवढी लांब गाडी उभी कुठे करायची? दारात जागा नव्हती. चंपाकाकूंना खिडकीतून नीट दिसेल अशी एकच जागा होती, आणि तिथे घाणा होता.

"घाणा काढू," आबा म्हणाले. "नाहीतरी अनशी गेल्यावर तो चालवणार कोण?"

"हौशा कुठे जाणार?" अनशीने विचारलं.

"बाजारात."

"परत कधी येणार?"

"बैल बाजारातून परत येत नसतात."

"आणि मी कधी परत येणार?"

"मुलीसुद्धा..." आई म्हणाली आणि थांबली. "सणासुदीला येशील की."

अनशी उठली. जाऊन घाण्याच्या लाकडावर बसली आणि अंधार पडेपर्यंत हौशाबरोबर फिरत राहिली. ती 'बरं' म्हणाली नव्हती. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिचं 'बरं' सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं.

बघायला येण्याच्या आदल्या दिवशी आत्याने तिला पाटावर बसवून तयारी करून घेतली. "श्रीमंत लोकांना हावरट मुलगी चालत नाही. समाधानी लागते. त्यांनी काहीही विचारलं तरी हेच म्हणायचं. आमच्या घरी काही कमी नाही. आहे त्यात मी सुखी आहे. मला आणखी काही नको. म्हण बघू."

अनशीने म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही.

"आणखी एकदा."

तिने पुन्हा म्हटलं. आईने पदराने डोळे पुसले. "देवा, एवढं एकदा निभावू दे."

फल्ले आले. गाडी खरोखर लांब होती. आबांनी पाहुण्यांना अशा खुर्च्या दिल्या, की स्वतःला समोरच्या घराच्या रंगीत खिडक्या दिसाव्यात. अनशीने पोहे आणले. डोळे उघडे ठेवले होते. तिने गाडीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हो. अशीच वाढत राहो."

हे बरोबर होतं. आत्याने रोखून धरलेला श्वास सोडला.

"वळण चांगलं आहे," फल्लेबाई म्हणाल्या. "काय गं, आमच्याकडचं स्थळ सांगून आलं तेव्हा काय वाटलं तुला? खरं सांग."

"आमच्या घरी काही कमी नाही," अनशी म्हणाली.

"बाई गं. हल्लीच्या मुली पहिल्यांदा विचारतात, घरात माणसं किती आणि खोल्या किती."

"आहे त्यात मी सुखी आहे."

फल्लेबाईंनी नवऱ्याकडे बघून मान डोलावली. आई आनंदाने आत्याच्या हाताला चिमटे काढत होती. फल्लेबाई पुढे सरकल्या. "मग येशील ना आमच्या घरी? बंगला आहे, गाडी आहे, कामाला बाई आहे. दिवसभर बसून राहायचं."

"मला आणखी काही नको," अनशी म्हणाली.

फल्लेबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "म्हणजे बंगला नको?"

"नको."

"गाडी नको?"

"नको. ती उभी केली की घाणा राहत नाही."

"आणि मुलगा?" फल्लेशेठ पहिल्यांदाच बोलले.

अनशीने मुलाकडे नीट बघितलं. तो पोहे खात होता. पोरगा वाईट नव्हता. तिने आत्याला विचारलं, "आत्या, हा 'आणखी'मध्येच येतो ना?"

आत्या पोह्यांवरची कोथिंबीर बघत बसली.

"अगं वेडे," आबा म्हणाले, "ते असंच म्हणायचं असतं. हे वेगळं आहे."

"वेगळं कसं?"

"आहे त्यात सुख मानावं म्हणजे..." आबा पाहुण्यांकडे बघत हसले. "म्हणजे दुसरं काही मिळण्यासारखं नसतं, तेव्हा मानावं."

"आणि मिळण्यासारखं असलं, तर सुख मानायचं नाही?"

"असं कसं? तेव्हा... तेव्हा मुळात सुख मानावं तरी का?"

"का विचारायचं नाही, आबा," अनशी म्हणाली. "नियम आहे."

आबांनी सवयीने समोर बघितलं. रंगीत काचेमागे पडदा हलला. चंपाकाकू बघत होत्या. आबा बघत होते, त्या बघतायत का ते. आईही बघायला लागली, आणि कोथिंबीर सोडून आत्याही.

अनशी उठली. घाण्यावर गेली. हौशाची झापडं सोडून आणली आणि फल्ल्यांच्या देखत आबांच्या डोळ्यांवर बांधली. मागे नीट गाठ मारली.

"घट्ट नाही ना झाली?" तिने विचारलं.

आबांनी हाताने गाठ चाचपून बघितली.

अनशी आई आणि आत्याकडे वळली. आपल्याकडे झापडांची एकच जोडी आहे, याचं तिला खरंच वाईट वाटलं. "तुम्ही दोघी तेवढे डोळे मिटून बसा," ती म्हणाली आणि घाण्याकडे निघाली.

थोड्या वेळाने घाण्याकडून लाकूड करकरल्याचा आवाज येऊ लागला. हौशा झापडांशिवाय चालत होता, आणि एकदाही थांबला नाही. बाजूची भिंत त्याने पूर्वीच बघून ठेवली होती.