रिकामा पाट

एका राज्यात एक जुनी रीत होती. घर राजाचे असो की कुंभाराचे, पंगतीत एक पाट रिकामा मांडायचा. पुढे पान वाढायचे आणि क्षणभर वाट पाहायची. कोणी आलाच, तर त्याला जागा हवी.

भद्रपाल गादीवर बसला आणि राज्याभिषेकाच्या पंगतीत त्या पाटावर त्याची नजर गेली. तो गरजला, "माझ्या राज्यात काहीही उणे नाही. रिकामी जागा म्हणजे माझा अपमान. फेका तो पाट!" पाट अंगणात पडला तो नेमका जादूगार धूम्रकेशाच्या पायांशी. बिचारा चार डोंगर चालून जेवायलाच आला होता. तो म्हणाला, "ज्याच्या पंगतीत रिकामी जागा नाही, त्याच्या बोलण्यातही ती उरणार नाही."

त्या घटकेपासून राज्यात प्रश्न उमटेना. लोक जे बोलत ते सांगणेच होई. राजाच्या मुकुटातला पाचू नाहीसा झाला, तेव्हा राजा "पाचू हरवला" एवढेच म्हणाला आणि हात चोळत बसला.

मग धाकटी राजकन्या पद्मावली आजारी पडली. राजवैद्या रेवंतीने तिला जन्मापासून अंगाखांद्यावर खेळवलेले. पोरीने पोट धरले होते, अन्नपाणी सोडले होते. "तू कच्ची चिंच खाल्लीस," रेवंती म्हणे. पोर मान हलवी. "तू धोतरा खाल्लास." पुन्हा नाही. शंभर नावे घेऊन झाली, पोर थकून निजली. चुकीचे औषध द्यावे तर जीव जायचा, न द्यावे तरी जायचा.  रेवंती उठली आणि धूम्रकेशाच्या काळ्या डोंगराकडे निघाली. वाट विचारता येईना, म्हणून चुकत चुकत गेली.

गुहेच्या तोंडाशी एक साळुंकी बसली होती. मागे लोखंडी पेटी, समोर तीन शिळा आणि तीन दगडी बाहुल्या. एकीच्या कपाळावर 'मारले', दुसरीच्या 'वाघाला', तिसरीच्या 'राजाने'.

साळुंकी म्हणाली, "पेटीत तुमचे प्रश्न आहेत. तीन कामे कर. पहिले, या बाहुल्यांना बोलते कर."

रेवंतीने पंगत आठवली. थोरला उठल्याशिवाय पंगत उठत नाही. तसे 'मारले' आल्याशिवाय बोलणे संपत नाही, म्हणून तिने राजाला आधी, मग वाघाला आणि 'मारले'ला शेवटी बसवले. बाहुल्या बोलल्या, "राजाने वाघाला मारले."

"दुसरे, जागा बदल, पण वाघ जिवंत होता कामा नये."

रेवंतीने वाघाला उचलून राजाच्या पुढे बसवले. बाहुल्या म्हणाल्या, "वाघाला राजाने मारले." ज्याची खूण, 'ने' की 'ला', त्याच्या कपाळी होती. पहिला मान मिळाला म्हणून वाघ काही वाचला नाही.

"तिसरे, त्यांना विचारायला लाव."

रेवंती खाली बसली.  सहा वर्षांची पोर तिकडे तळमळत होती. मग तिला आईची पंगत आठवली, पान वाढून वाट पाहणारी आई आठवली. ती उठली. मधल्या राजाला तिने अलगद उचलून बाजूला ठेवले. शिळा पदराने पुसली आणि हात जोडून म्हणाली, "जागा आहे. यावे, बसावे."

पेटी आपोआप उघडली. एक इवलासा पक्षी उडाला आणि त्याच शिळेवर बसला. पुढे नाही, मागे नाही, राजा होता तिथेच. बाहुल्या बोलल्या, "वाघाला कोणी मारले?"

पाठोपाठ पेटीतून थवाच उठला आणि राज्याकडे गेला. अंधारातून धूम्रकेश बाहेर आला. त्याचे डोळे ओले होते. "किती वर्षांनी कोणी मला बसा म्हणाले, बाई," तो म्हणाला. रेवंतीने त्याचे पाय धरले. "तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. तिने विचारले होते!

रेवंती धावत महालात आली. "काय गं गिळलंस, बाळ?"

पद्मावली रडू लागली. "बाबांच्या मुकुटातली हिरवी खडीसाखर. रागावशील का?"

"नाही गं, माझी सोनुली." रेवंतीने एरंडेल पाजले. तिसऱ्या दिवशी पोर खळखळून हसली. पाचूही घरी आला, कसा ते दरबारात कोणी विचारले नाही.

राजाने आपल्या हाताने पाट मांडला, धूम्रकेशाला बोलावून त्याचे पाय धुतले. मग रेवंतीकडे वळून म्हणाला, "वैद्यबाई, तुम्हांला काय देऊ?"

"मिळाले, महाराज," रेवंती म्हणाली. "आज आपण विचारलेत."

त्यांची पंगत जशी भरली, तशी तुमची आमची भरो. एक पाट तेवढा रिकामा राहो.